पक्षकारांना नसलेलं कवच

आमदार-खासदारांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण असावं, असं मी अनेक वर्षं मानत आलो. सभागृहातल्या भाषणाला आणि मताला राज्यघटनेच्या कलम १०५ आणि १९४ ने संरक्षण दिलेलंच आहे. मला तेवढं पुरेसं वाटत नव्हतं. लोकप्रतिनिधीवर खटला भरायचा किंवा त्याला अटक करायची, तर आधी त्याच्या सभागृहाची परवानगी लागावी, ही माझी भूमिका होती. बार रूममध्ये, तालुक्यातल्या व्याख्यानांत, ज्युनिअर वकिलांशी वाद घालताना मी ती हिरिरीने मांडली. आज मी तिच्या विरुद्ध बाजूला उभा आहे.

ती भूमिका पोकळ नव्हती. माणमध्ये वकिली करणाऱ्याला राजकारण कळतं ते पाण्यातून. दहिवडी, म्हसवड, पलीकडे आटपाडी, सांगोला हा सगळा पाऊस हुलकावणी देणारा मुलूख. १९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर अशी माणसं कृष्णेच्या पाण्यावर दुष्काळी तालुक्यांचा हक्क सांगायला उभी राहिली. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर ही आज योजनांची नावं आहेत. त्याआधी ती मोर्च्यांतल्या घोषणांत होती. आणि मोर्चा म्हटला की गुन्हा आलाच. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, सरकारी कामात अडथळा. लोकांसाठी सरकारशी भांडणारा माणूस सरकारच्याच पोलिसांच्या हाती सापडतो, मग त्याला कवच नको का, हा माझा प्रश्न होता.

दाखलेही होते. टिळक १८९७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते. तरी ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. आणीबाणीत तर कळसच झाला. मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हे चार खासदार संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. २६ जून १९७५ रोजी त्यांना तिथेच पकडलं. संसदेचं काम करायला गेलेल्या माणसांना सरकार उचलून नेऊ शकतं, ही गोष्ट माझ्या पिढीच्या हाडात मुरलेली आहे. मृणाल गोरे तेव्हा आमदार होत्या. त्याही तुरुंगात गेल्या.

अलीकडचं उदाहरण आपल्याच विधिमंडळाचं. जून २०२२ मध्ये राज्यसभेची आणि विधान परिषदेची निवडणूक झाली तेव्हा अनिल देशमुख आणि नवाब मलिक ईडीच्या प्रकरणांत कोठडीत होते. दोघेही निवडून आलेले आमदार, दोघांवरचाही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, पण न्यायालयांनी त्यांना मतदानाला जाऊ दिलं नाही. एकेका मताला किंमत असलेल्या निवडणुकीत दोन मतं तुरुंगात राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेचे सभापती व्यंकय्या नायडू यांनी सभागृहात स्पष्ट केलं, की अधिवेशन चालू असलं तरी फौजदारी बाबतीत सदस्याला कुठलंही संरक्षण नाही. कायदा म्हणून ते बरोबरच होतं. मला वाटायचं, हा कायदाच अपुरा आहे.

पहिला तडा दिला तो माझ्याच बाजूच्या निकालाने. २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव १४ मतांनी पडला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन सरकारच्या बाजूने मत दिल्याचा आरोप पुढे आला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: ज्यांनी लाच घेऊन मत दिलं, त्यांच्यावर त्याबद्दल खटला चालणार नाही, कारण मताला घटनेचं संरक्षण आहे. अजित सिंह यांच्यावरही पैसे घेतल्याचा आरोप होता, पण त्यांनी मतच दिलं नव्हतं, म्हणून त्यांना संरक्षण नाही. म्हणजे लाच घेऊन सांगितलेलं काम केलं तर सुटका, आणि लाच घेऊन काम केलं नाही तर खटला. मी त्या निकालाची बाजू बरीच वर्षं घेतली. लाच घेणाऱ्याला शासन करायच्या नादात मताचं स्वातंत्र्य जाईल, असं मी सांगायचो. सांगता यायचं, पण दहिवडीच्या बाजारात कुणी विचारलं तर समजावून देता येत नव्हतं. मामुली दाखल्यासाठी लाच घेणाऱ्या तलाठ्याला सापळा लावून पकडलेलं त्या माणसाने पाहिलेलं असायचं.

तरीही मी म्हणायचो, तो निकाल वेगळा आणि सभागृहाची परवानगी वेगळी. मग आणीबाणीवर एक टिपण करायला बसलो आणि आपलाच दाखला मला उलटा दिसला. समजा, १९७५ साली खासदाराच्या अटकेला लोकसभेची परवानगी लागत असती. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला दोन तृतीयांशांहून जास्त जागा मिळालेल्या होत्या. दंडवत्यांच्या अटकेला परवानगी मिळायला किती वेळ लागला असता? एक आवाजी मतदान. कवचाची किल्ली सभागृहाकडे, सभागृह बहुमताकडे आणि बहुमत सरकारकडे. सरकारपासून वाचवायचं म्हणून मी जे मागत होतो, ते सरकारच्याच हातात ठेवत होतो. सरकारपक्षाच्या आमदाराला ते जन्मभर पुरलं असतं आणि विरोधकाचं हव्या त्या दिवशी काढून घेता आलं असतं.

ही नुसती कल्पना नाही. तुर्कस्तानात खासदारांना असं संरक्षण होतं. मे २०१६ मध्ये तिथल्या संसदेने बहुमताने ते उठवलं आणि त्याच नोव्हेंबरात कुर्दांच्या बाजूने बोलणाऱ्या पक्षाचे नेते सेलाहत्तिन देमिर्ताश तुरुंगात गेले. इटलीत उलटं घडलं. एप्रिल १९९३ मध्ये माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांच्यावरच्या भ्रष्टाचाराच्या अनेक आरोपांत खटला चालवायला संसदेने परवानगी नाकारली. लोक इतके खवळले की दुसऱ्या दिवशी रोममध्ये त्यांच्यावर नाण्यांचा मारा झाला, आणि त्याच वर्षी घटनादुरुस्ती करून खटल्यासाठी लागणारी परवानगी काढून टाकावी लागली. एकीकडे ज्याला कवच हवं त्याचं गेलं, दुसरीकडे ज्याला नको त्याचं टिकलं.

एवढं वाचून माझा युक्तिवाद लंगडा झाला होता. मन बदललं ते मात्र माझ्या टेबलासमोर बसलेल्या एका पोरामुळे.

पाण्यासाठी झालेल्या एका रास्ता रोकोत एका लोकप्रतिनिधीबरोबर गावातली पोरं रस्त्यावर बसली होती. गुन्हा सगळ्यांवर मिळून दाखल झाला. फिर्यादीत पहिलं नाव नेत्याचं, त्याखाली पोरांची नावं, शेवटी ‘व इतर’. तारखा पडू लागल्या. नेत्याच्या वतीने गैरहजेरी माफीचा अर्ज यायचा आणि मंजूर व्हायचा. पोरं रोजगार बुडवून, एसटीने किंवा कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून यायची. एखादा चुकला की त्याचं वॉरंट निघायचं. आमच्या भागात पोरगं बारावी झालं की पहाटे रस्त्यावर धावायला लागतं. सैन्य, पोलीस, एसआरपी, कुठेतरी भरती व्हायचंय. शेतीला पाणी नाही, त्यामुळे भरती हीच बागायत. त्यातला एकजण लेखी आणि मैदानी दोन्ही पार करून चारित्र्य पडताळणीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. ‘आपणावर गुन्हा दाखल आहे काय’ या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, “वकीलसाहेब, हितं काय लिहू?” दडवलं तर खोटी माहिती दिली म्हणून नोकरी जाणार, खरं लिहिलं तर मिळण्याआधीच अडकणार. मी खरं लिहायला सांगितलं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

त्या रात्री मी ती फिर्याद पुन्हा काढून वाचली. मी इतकी वर्षं मागितलेलं कवच कायद्यात असतं, तर त्या कागदावर काय बदललं असतं? फक्त पहिलं नाव गेलं असतं. खालची सगळी तशीच राहिली असती. आणि पहिलं नाव गेल्यावर त्या खटल्याकडे पुढे कुणी बघितलं असतं? नेता आरोपी असतो तोवर सगळ्यांचा खटला त्याचाही असतो. गुन्हे मागे घ्या म्हणून तो मंत्रालयात भांडतो, कारण त्यात त्याचंही नाव असतं. त्याला वेगळा काढला की उरतात ते नुसते आरोपी. पत्री सरकारच्या काळात नाना पाटलांवर वॉरंट होतं आणि त्यांना भाकरी देणाऱ्या घरांवरही पोलीस येत होते. त्या एकाच धोक्यात नेता आणि गाव दोघे होते, म्हणून सातारा-सांगलीची ही माती त्यांच्यामागे उभी राहिली.

टिळकांचा दाखलाही मग मला निराळा दिसू लागला. त्यांना कौन्सिलचं कवच नव्हतं, हे दुखणं नव्हतंच. दुखणं राजद्रोहाच्या कलमाचं होतं, आणि ते कलम सभासद नसलेल्या प्रत्येक संपादकाच्याही मानेवर होतं. कायदा जाचक असेल तर तो सगळ्यांसाठी बदलायला हवा. कायदे करणाऱ्यालाच त्यातून सूट दिली, तर तो बदलायची निकड त्याला कधी वाटेल?

सभागृहातलं भाषण आणि मत यांचं संरक्षण मात्र मला पूर्वीइतकंच मोलाचं वाटतं, तिथे मी तसूभर हललो नाही. दुष्काळी भागाचा आमदार धरणातलं पाणी कुठे मुरलं हे सभागृहात नाव घेऊन बोलू शकला पाहिजे, आणि त्याबद्दल त्याच्यावर कुठल्याही कोर्टात दावा होता कामा नये. ते संरक्षण त्याच्या कामाचं आहे, त्याच्या अंगाचं नाही. ४ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली सात न्यायाधीशांनी सीता सोरेन प्रकरणात एकमताने १९९८ चा निकाल मोडीत काढला, तेव्हा रेघ बरोबर इथेच ओढली. लाच स्वीकारली त्या क्षणी गुन्हा पुरा होतो; मत दिलं की नाही, कसं दिलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. एकेकाळी मी ज्या निकालाची बाजू घेतली तो जाताना मला मोकळं वाटलं.

माझे एक जुने स्नेही अजून कवचाच्या बाजूचे आहेत. ते म्हणतात, खोट्या गुन्ह्यात अडकलेल्या आमदाराचं काय? मी त्यांना आमच्याच मतदारसंघाकडे बघायला सांगतो. मार्च २०२५ मध्ये विरोधकांनी एक जुनं प्रकरण काढून ग्रामविकास मंत्री जयकुमार गोरे यांच्यावर टीका केली, तेव्हा त्यांचं उत्तर होतं, २०१९ मध्ये न्यायालयाने आपल्याला निर्दोष सोडलं आहे. हे उत्तर देता येण्यासाठी खटला चालावा लागतो. संरक्षणामुळे खटलाच चालला नाही असा माणूस आयुष्यभर ‘कोर्टात गेला असता तर कळलं असतं’ हे ऐकत राहतो.

माझी आजची तक्रार वेगळी आहे. कागदावर नसलेलं संरक्षण प्रत्यक्षात मिळतं ते उशिरामुळे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा घोटाळा २००२ चा. माजी मंत्री सुनील केदार यांना शिक्षा झाली डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या एकवीस वर्षांत ठेवीदारांची एक पिढी म्हातारी झाली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय सरकारने मागे घेऊ नयेत. तो मला पटतो, पण आंदोलनाच्या खटल्यांबाबत मी त्यात भर घालीन: मागे घ्यायचा तर फिर्यादीतल्या पहिल्या नावापासून ‘व इतर’पर्यंत सगळ्यांचा घ्यावा.

देशमुख-मलिकांच्या मतांचा सल अजून आहे, आणि त्या मुद्द्यावर स्नेह्यांशी माझं अर्धं जमतं. त्यांना कोठडीत ठेवण्याचा निर्णय कोर्टाचा, पण मत अडवलं ते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) ने. तुरुंगात असलेल्या माणसाला मतदान करता येत नाही, मग तो शिक्षा झालेला असो की कच्चा कैदी. स्थानबद्ध केलेल्याला मात्र करता येतं. तुरुंगातून निवडणूक लढवता येते, मत देता येत नाही. स्नेही म्हणतात, आमदारांपुरता अपवाद करा. मी म्हणतो, गुन्हा सिद्ध झालेला नाही अशा प्रत्येकाला मत देऊ द्या. साताऱ्याच्या जेलमध्ये जामिनाचे पैसे नाहीत म्हणून पडलेल्या ऊसतोड मजुरालाही आणि विधानसभेच्या सदस्यालाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलेलं आहे, त्यामुळे ते बदलायचं तर संसदेलाच बदलावं लागेल. त्यासाठी मी एक निवेदन तयार केलं आहे. येत्या आठवड्यात ते तालुका बारपुढे ठेवतो आहे, आणि सही करायला सगळ्यात आधी त्याच स्नेह्यांना सांगणार आहे.