आत्याची पोस्टकार्डांची वही

मुलुंडच्या माझ्या आत्याने फर्माइशीच्या पोस्टकार्डांची एक वही ठेवली होती. तारीख, कार्यक्रम, गाणे आणि शेवटच्या रकान्यात ‘वाचले’ किंवा ‘नाही’. ती गेल्यानंतर सामान आवरताना वही माझ्या हाती आली. ‘वाचले’ अशी नोंद तीनच ठिकाणी आहे. भावंडे हसली. मला हसू आले नाही. कारण अंधेरीतील एका जाहिरातसंस्थेत लोकांचा ‘प्रतिसाद’ मोजणे हेच माझे पोटापाण्याचे काम आहे.

प्रेक्षकाने उलट बोलणे ही मोबाईलची देणगी, असा आपला समज असतो. १९५२ साली नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा घातला आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पैसा टूथपेस्टचा, आवाज अमीन सायानींचा. आरंभी ती चक्क स्पर्धा होती: ७ गाणी ऐकायची, ती कालक्रमाने लावून पाठवायची, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रे आली, असे सायानी सांगत. प्रत्येक पत्रावर गावाचा शिक्का असे. आपली जाहिरात कुठवर पोचते, हे कंपनीला टपाल खातेच कळवीत होते म्हणा ना!

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया हे गाव देशाला ठाऊक झाले ते केवळ तेथून येणाऱ्या फर्माइशींमुळे. विविध भारतीचे कार्यालय बोरिवलीच्या गोराई रस्त्यावर, आमच्या घरापासून जवळ. आत्या आमच्याकडे आली की बसच्या खिडकीतून ते फाटक मला दाखवी. आत जाऊन पत्र देऊ या, असे मी एकदा सुचवले, तर म्हणाली, “छे, पत्र टपालानेच जायला हवे.”

मग दूरदर्शनवर ‘सुरभि’ आली. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे प्रश्न विचारीत आणि घरोघरी पोस्टकार्डे लिहिली जात. १९९३ साली एका आठवड्यात १४ लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद लिम्का विक्रमपुस्तकात आहे. १५ पैशांत हा भार वाहणे टपाल खात्याला परवडेना. म्हणून स्पर्धांसाठी २ रुपयांचे वेगळे कार्ड काढावे लागले. आत्याच्या वहीत त्या पानावर एकच शब्द आहे: ‘लूट’.

पुढे फोन आला, एसएमएस आला. मात्र माझ्या धंद्याच्या दृष्टीने खरे वळण मिस्ड कॉलचे. अंधेरी पूर्वेला चकाला येथे मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने २०१३-१४ च्या सुमारास बिहार आणि झारखंडसाठी ‘कान खजूरा टेसन’ चालवले. विजेअभावी दूरचित्रवाणी न पोचलेली ती गावे. एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा; उलट फोन येई आणि सुमारे १५ मिनिटे गाणी, विनोद आणि मधूनमधून जाहिराती कानी पडत. ऐकणाऱ्याला खर्च शून्य. २०१४ साली कान येथील जाहिरात महोत्सवात या मोहिमेला सुवर्ण पारितोषिके मिळाली, आणि ती योग्यच होती. कल्पना खरोखर बुद्धिमान होती.

पण झुमरी तलैया आज झारखंडातच आहे. त्या गावच्या श्रोत्याचे नाव एके काळी साऱ्या देशाला ऐकवले जाई. मिस्ड कॉल देणारा काहीच बोलत नाही आणि त्याचे नाव कोणी उच्चारीतही नाही. फक्त त्याचा क्रमांक नोंदला जातो. माझ्यासमोरच्या पडद्यावर असे हजारो क्रमांक रोज सरकतात. कोणी किती सेकंद ऐकले आणि कुठे फोन ठेवला, हे मी सांगू शकतो. आत्याबद्दल विविध भारतीला याच्या शतांशही माहिती नव्हती.

तिच्या वहीतील शेवटची नोंद पेन्सिलीने केलेली आहे. तारीख आहे, गाणे आहे. पुढचा रकाना कोराच आहे.