एकाच जमिनीच्या दोन कहाण्या

आज दिवसभर ऑस्ट्रेलियन कवयित्री जुडिथ राइट मनात आहेत. १९१५ साली न्यू साउथ वेल्समधल्या मोठ्या पशुपालक घराण्यात त्या जन्मल्या. पूर्वज जॉर्ज विंडम इंग्लंडहून आले आणि १८२८च्या सुमारास त्यांनी हंटर नदीच्या खोऱ्यात डालवुड वसवलं. पुढच्या पिढ्या गुरं हाकत क्वीन्सलँडपर्यंत पोचल्या. आजोबा गेल्यावर आजीनेच सगळं सावरलं.

१९५९च्या पुस्तकात राइटनी आजी-आजोबांची ही कहाणी मायेने लिहिली. मग त्यांनी जुनी कागदपत्रं पुन्हा उघडली, आणि १९८१ साली ‘द क्राय फॉर द डेड’ आलं. त्याच कुरणांवरून हुसकावल्या, मारल्या गेलेल्या वाड्जा आणि इतर आदिवासींची कहाणी त्यात आहे.

ज्या आजीवर जीव आहे, तिच्या घराबद्दल असं लिहिताना हात किती जड झाला असेल! आजीचे कष्ट खरे होते आणि जमीन दुसऱ्यांची होती. त्यांनी यातलं काहीच झाकलं नाही. वारशाशी इतकं प्रामाणिक राहिलेलं लेखन मी फार थोडं वाचलंय.

ही भूमी कुणाचीच नव्हती, हा समज तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली माबो खटल्यात फेटाळला. राइट तेव्हा हयात होत्या. २००० साली, मृत्यूच्या थोड्याच आधी, आदिवासींशी समेटासाठी कॅनबेरात निघालेल्या मोर्चात त्या सामील झाल्या.