वाक्यं फिरवून मिळणार नाहीत

वाई, रविवार

चि. सई,


तुझ्या पेपरची फाईल मिळाली, सोबतचा उसना मजकूर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिपोर्टही मिळाला. बत्तीस टक्के! आणि खाली तुझा निरोप, की आत्या, तू आयुष्यभर प्रुफं तपासलीस, तुला काय अवघड आहे, लाल झालेली तेवढी वाक्यं फिरवून दे, दहाच्या आत आलं की झालं. पाठवल्याची वेळ रात्री दोन वाजून काही मिनिटं. त्या वेळेचं मी नंतर बघते.

फिरवून देणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तू नीट वाचशील. (की बाबासारखी थेट शेवटच्या ओळीवर उडी मारशील?)

तुझं पहिलंच लाल वाक्य घेऊ. ‘पेशव्यांनी पुण्याच्या पाणीपुरवठ्याची दूरदृष्टीने उत्तम व्यवस्था केली होती.’ मी ते असं फिरवलं समज: ‘पुणे शहराला पाणी पुरवण्याची उत्कृष्ट योजना दूरदर्शी पेशव्यांनी आखली होती.’ यंत्र खूश, टक्का खाली, तुझे सर खूश. आणि कात्रजच्या पाण्याबद्दल तुला काल जेवढं कळत होतं तेवढंच आज. मग हा खटाटोप कशासाठी?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम मी वाचलेत, मला सांगू नकोस. दहा टक्क्यांपर्यंत माफ, दहा ते चाळीसपर्यंत दुरुस्त करून पुन्हा सादर करा, साठच्या पुढे गेलात तर नोंदणीच रद्द. चोरी थांबावी म्हणून केलेला नियम आहे, माझी तक्रार नाही. पण तुम्ही पोरं लिहायला बसता तीच त्या दहाकडे बघत. उसने शब्द किती ते यंत्र मोजतं. उसना विचार त्याला मोजता येत नाही, आणि विचारच नसला तर तेही त्याला कळत नाही. तुझ्या पेपरात, सई, शब्द बत्तीस टक्के उसने आहेत. प्रश्न मात्र एकही नाही. मला झोंबलं ते हे.

आणि तुझी ती तळटीप! ‘राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड २७, पृ. ११२.’ राजवाड्यांनी बावीस खंड काढले. सत्ताविसावा तुला कुठं भेटला? तुझ्या मैत्रिणीच्या फोनमधल्या त्या एआयनं दिला असणार, ते अशी पुस्तकं मागाल तेवढी देतं. पहिला खंड १८९८ चा, आणि त्यातले कागद आमच्या ह्या वाईतच सापडले. ज्या मालिकेची सुरुवात माझ्या गावात झाली तिचाच खोटा खंड मला दाखवतेस, म्हणजे कमाल आहे.

विषय मात्र तू फार चांगला निवडलायस, याचा तुला पत्ताच नाही. कात्रजचे तलाव नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीतले. तिथून शहरापर्यंत जमिनीखालून बांधलेला नळ, माणूस आत उभा राहू शकेल एवढा, आणि वाटेत जागोजागी उच्छ्वास, ज्यांना जुने पुणेकर उसासे म्हणतात. गाळ खाली बसायचा, वरचं निवळ पाणी पुढं जायचं, ते शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत. पुढं नाना फडणिसांनी आंबेगावहून आणखी एक नळ आणला. हे सगळं तू लिहिलंयस, पण कुणीतरी सांगितलेलं ऐकून लिहावं तसं. सदाशिव पेठेतला हौद तुझ्या खोलीपासून पायी किती लांब आहे? पाहिलास? त्याची पायरी झिजलीय की नाही? मोजपट्टी लावलीस?

पाहिला असतास तर प्रश्न आपोआप पडला असता: ह्या हौदावर घागर कोण लावत होतं? ‘पुण्याला पाणी मिळाले’ असं लिहितेस. पुण्याला म्हणजे कुणाला? वाड्यातल्या खाजगी हौदाला मिळालं, पेठेच्या हौदाला मिळालं, आणि वेशीजवळच्या वस्तीला? जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पेशवाई बुडून पन्नास वर्षं झाली होती, तरी ह्याच पुण्यात एका माणसाला स्वतःच्या घरचं पाणी खुलं करावं लागलं. ते का करावं लागलं, इथून तुझा पेपर सुरू व्हायला हवा होता. तू तो ‘उत्तम व्यवस्था’ म्हणून पहिल्याच ओळीत संपवलास.

तू म्हणशील, आत्या, मी एम.ए.ची साधी विद्यार्थिनी, असले प्रश्न मोठ्यांनी विचारायचे. अजिबात नाही. ह्या शहरात ते विद्यार्थ्यांनीच विचारलेत. मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेतली, वय वर्षं चौदा. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद जर आम्हाला वाचायचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल तिनं केला, आणि आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, हेही लिहिलं. तिच्यापाशी ग्रंथालय नव्हतं. डोळ्यांपुढं जे होतं ते होतं, आणि त्यातून निघालेला प्रश्न होता.

दुसरा नीळकंठ जनार्दन कीर्तने. हा खास तुझ्यासाठी सांगते, कारण त्याचं काम म्हणजे तुमच्या भाषेत ‘सेमिनार पेपर’च. डेक्कन कॉलेजचा विद्यार्थी, विशी नुकतीच ओलांडलेला. ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. कॅप्टन केपननं त्याचं मराठी करून ‘मराठ्यांची बखर’ केली आणि तीच पोरांना शाळेत शिकवली जाई. म्हणजे साताऱ्याला रेसिडेंट म्हणून राहिलेल्या साहेबानं सांगितलेला आपला इतिहास, साहेबाच्याच शाळेत, वर परीक्षेला. १८६७-६८ च्या सुमारास ह्या पोरानं पूना यंग मेन्स असोसिएशनपुढं त्या ग्रंथावरची टीका वाचली आणि ती ‘विविधज्ञानविस्तारा’त छापून आली. तू ती वाचच. त्यात शिवीगाळ नाही. डफनं घेतलेली मेहनत तो मोकळेपणानं मान्य करतो. मग विचारतो, की बाबा, तू ज्या कागदांवरून लिहिलंस ते कुठं आहेत? डफनं लिहून ठेवलं होतं, की आपल्या साधनांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे दिल्या आहेत. पुढं त्या मिळेनात, आणि जाळल्याची वदंता उठली. खरं-खोटं बाजूला ठेव. कॉलेजातला पोरगा अख्ख्या सरकारी इतिहासापुढं उभा राहतो आणि म्हणतो, कागद दाखवा, छापा, आम्हाला ताडून बघू द्या! मराठीतलं इतिहास-संशोधन पुढं ज्या वाटेनं गेलं ती वाट ह्या एका मागणीतून फुटली, असं माझं मत आहे. तुमच्या विभागातल्यांना ते अतिशयोक्त वाटेल. वाटू दे.

ती वाट चालले ते राजवाडे. गावोगाव हिंडायचं, वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेले दप्तरांचे कागद सोडवायचे, कुणी वाड्यात शिरू दिलं नाही तर ओसरीवर बसून राहायचं. १९१० साली खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तेही ह्या कागदांपायी. माणूस भलता तापट, आणि लिहायचं ते मराठीतच हा हट्ट. त्यांची पुष्कळ मतं आज टिकत नाहीत, काही तर वाचवत नाहीत. त्यांनी छापलेले कागद मात्र अजून सगळे वापरतात, त्यांना नावं ठेवणारेसुद्धा. हे विसरू नकोस.

कागद ताडून बघणं म्हणजे काय, ते मी छापखान्यात पाहिलंय. नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्यात एक वृद्ध संशोधक प्रुफं न्यायला येत. एकदा फर्मा मशिनवर चढलेला, आणि हे भर पावसात धापा टाकत आले: थांबवा! मालक तडकले. झालं होतं असं, की एका पत्रावर साल होतं ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हे शुहूर सन. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११६१. आता हे वर्ष सुरू होतं मृगाला, जूनमध्ये. म्हणून जून ते डिसेंबरच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढं ६००. पत्र होतं डिसेंबरचं, आणि हस्तलिखितात मिळवले गेले होते ६००. म्हणजे भाऊसाहेबांच्या छावणीत धान्य पोचवा असं सांगणारं पत्र डिसेंबर १७६१ चं ठरत होतं. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला होऊन गेलेलं! अकरा महिन्यांमागं गेलेल्या माणसाला धान्य कोण धाडणार? आमच्या जुळाऱ्यानं कपाळाला हात लावला, एक खिळा काढला, शून्य बसवलं. मालक दोन दिवस बोलले नाहीत. म्हातारबुवांना त्याचं काही नव्हतं. तिथंच बाकावर बसून चहा प्यायले आणि दुरुस्त पान तीनदा वाचून मगच गेले.

अशा एका शून्यासाठी तू कधी धावलीयस का गं?

मोडी शिक. ‘आता मोडी कोण वाचतं’ असं तू दिवाळीत म्हणालीस तेव्हा मी पाहुण्यांसमोर गप्प बसले. आज नाही बसणार. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. इतिहासकार सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, तरी ती निवडच. नळाच्या खर्चाचा, गवंड्याच्या मजुरीचा, हौदावरच्या भांडणाचा एखादा कागद त्यात असेल, नसेल. शोधल्याशिवाय कसं कळणार? आधी ओळ आखून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली ती अक्षरं पहिल्यांदा सगळी सारखीच दिसतात, ऱ्हस्व-दीर्घाचाही पत्ता नाही. मग एके दिवशी एक नाव लागतं. त्यानंतर तुला माझी गरज पडणार नाही. मंडळात वर्ग भरतात, चौकशी कर. फी मी भरीन, बाबाला सांगू नकोस.

पुन्हा तुझ्या फाईलकडे येते. ‘असे दिसून येते’ हे जागोजागी लिहिलंयस. कुणाला दिसून आलं? तुला दिसलं असेल तर ‘मला दिसले’ म्हण, सरदेसायांना दिसलं असेल तर त्यांचं नाव घाल. एवढं केलंस तरी तुझा निम्मा लाल रंग जाईल, कारण नाव घेऊन अवतरणात दिलेला मजकूर चोरी ठरत नाही. भांडारकर संस्थेत जाशील तेव्हा महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं कुठलंही पान उघड. वर चार श्लोक, आणि खाली बारीक टायपात कुठल्या पोथीत कुठला पाठ, ह्याची नोंद श्लोकांपेक्षा जास्त जागा अडवून बसलेली. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला संपलं. मुख्य संपादक सुखटणकर मध्येच, १९४३ साली गेले. सगळ्यांचं सगळं ऋण पानावर मांडलंय, आणि म्हणून वरचे चार श्लोक भरवशाचे. तळटीप ही परीक्षकाची खंडणी असल्यासारखी शेवटी घाईघाईनं चिकटवू नकोस.

आणखी एक. पंधराशे रुपये भरले की आठवड्यात पेपर छापून देणारं कुठलंसं मासिक कुणीतरी तुला सुचवलंय म्हणतेस. तिथं जायचं नाही. पैसे कशाला हवे असतील तर मला माग, पण ह्याला नाही.

आता ते रात्री दोनचं. जेवतेस का वेळेवर? मेसचा डबा परत जातो असं मागं तुझी रूममेट बोलून गेली, मी ऐकून घेतलं. डोळ्यांचा नंबर तपासून किती दिवस झाले? बाबा एमपीएससीचा धोशा लावतो म्हणून तू हा पेपर कसाबसा उरकून टाकायला निघालीस, असा मला संशय आहे. त्याच्याशी मी बोलेन. तो घाबरलाय, बाकी काही नाही. तूही घाबरलीयस. नववीत थेट हेडबाईंना पत्र लिहिणारी मुलगी आता सॉफ्टवेअरच्या आकड्याला भिते, हे मला बघवत नाही.

बुधवारी मुदत संपतेय ना? उद्या सरांकडे जा आणि मुदत वाढवून माग. कारण खरं सांग. नाहीच वाढवून दिली, तर पेशव्यांची सगळी व्यवस्था सोडून दे आणि तू स्वतः पाहिलेल्या एकाच हौदावर चार पानं लिही: कुठं आहे, केवढा आहे, त्याच्याबद्दल कोण काय म्हणून गेलं, आणि कुठली गोष्ट कुणीच सांगितलेली नाही. मार्क कमी पडतील, पडू देत. ती चार पानं मात्र मला पाठव. त्यांची प्रुफं मी आनंदानं तपासून देईन.

तुझी
माई आत्या

ता. क. – कात्रजच्या बाजूला गेलीस तर उसाशात डोकावून बघायचा मोह होईल. वरून बघ. आत उतरायचं नाही, आणि एकटी तर मुळीच जाऊ नकोस.