माळवदाची रेघ

जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीची टेकडी आहे. तिच्या पोटात जैन गुहामंदिरं आहेत. दारं इतकी ठेंगणी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि आत तीर्थंकरांच्या भल्या थोरल्या मूर्ती. बाहेरच्या वाटसरूला या वैभवाचा पत्ताही लागू नये! मराठवाड्याची ही जुनीच रीत. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात शिखराकडून पायाकडे कोरत नेलं. मागच्या कड्यावर उभं राहिलं तर शिखर खाली दिसतं. अपवाद दौलताबादच्या चांद मिनाराचा. बहमनी सुलतानाचा तो उंच मिनार लांबूनच नजरेत भरतो.

तंजावरची तऱ्हा निराळी. राजराज चोळानं १०१०च्या सुमारास बृहदीश्वराचं विमान जवळपास ६० मीटर उंच चढवलं. पुढं तिथं भोसल्यांचं राज्य आलं, सरफोजीनं त्या देवळाच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. पण शहराची आकाशरेषा आजही चोळांचीच.

राजांच्याही आधी आकाशरेषा ठरवतो तो पाऊस. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो, म्हणून तिथं उतरती कौलं. जिंतूरकडं त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणून सपाट माळवद: लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खाली गारवा, वर कुरडया-पापडांचं वाळवण, रात्री अंथरुणं. लाव्ह्याचे थर आडवे पसरल्यामुळं दख्खनच्या कितीतरी डोंगरांचे माथेही सपाट. गाव आणि डोंगर एकाच रेघेतले.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं या रेघेवरचा भरवसा मोडला. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांचं ओझं झोपेतल्या माणसांवर कोसळलं, हजारो गेले. सिमेंटचा स्लॅब आधीच येऊ लागला होता. आता त्याला अडवणार कोण?

मुंबईत १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर ८५ मीटरचा. एके काळी सारं शहर त्याच्याकडं मान वर करून बघे. लालबाग-परळच्या आकाशात गिरण्यांच्या चिमण्या होत्या, तिथं आता टोलेजंग टॉवर आहेत. छोट्या गावांत बदल याहून साधा आणि सगळीकडं सारखाच. देवळाचे कळस आणि मशिदीचे मिनार आहेत, पण उंचीचा मान पाण्याच्या टाकीनं आणि मोबाईलच्या टॉवरनं पटकावलाय. नुसतं आकाश पाहून जिंतूर कोणतं आणि सेलू कोणतं, हे सांगणं अवघड.

एक खूण मात्र कुठल्याच वास्तुशास्त्राच्या पुस्तकात मिळायची नाही. घराच्या स्लॅबवर, पाण्याच्या काळ्या टाकीशेजारी, उघड्या लोखंडी सळया उभ्या असतात. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या. पाहुण्याला ते बेढब वाटतं. घरमालकाला विचारावं, तर तो खालच्या मजल्याला किती पैसा लागला ते सांगतो, सिमेंटच्या भावावर ताशेरे ओढतो, आणि यंदा कापसानं साथ दिली तर दिवाळीनंतर काम काढायचंय, हेही.