दिवसाचं टेबल

नकार आला की आधी राग येतो, आणि राग मोठा कामसू असतो. ‘दाखवून देईन’ म्हणत माणूस पहाटे उठतो, रात्री जागतो. पण महिना-दोन महिन्यांत हा राग ओसरतो. ज्याला दाखवून द्यायचं त्याच्या आपण खिजगणतीतही नसतो, हे ध्यानात येतं आणि पुस्तक उघडावंसं वाटत नाही. नकाराची पत्रं भिंतीला चिकटवून ठेवणारी मुलं-मुली भेटली की म्हणूनच मला काळजी वाटते. त्यांना मी शास्त्रज्ञ कमला सोहोनींबद्दल सांगते.

१९३३ साली त्या कमला भागवत होत्या, लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले रसायनशास्त्रज्ञ, तेव्हा पुढचं शिक्षण तिथंच हे घरात जणू ठरलेलंच. तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी कळवलं, मुलींना प्रवेश नाही. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन उभ्या राहिल्या, कारण विचारलं आणि हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तरच मान्यता. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबायचं. आणि पुरुष संशोधकांचं चित्त विचलित होऊ द्यायचं नाही! ही शेवटची अट वाचून आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यांनाही तो अपमान विसरता आला नाही. रामन थोर शास्त्रज्ञ खरे, पण मनानं कोते, असं त्या म्हातारपणी स्पष्ट बोलल्या.

मग ते बिनभरवशाचं वर्ष त्यांनी कसं काढलं असेल? श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक, शिस्तीचे कडक पण शिकवायला उदार. त्यांच्या हाताखाली त्या दूध, डाळी, शेंगा यांतल्या प्रथिनांवर काम करत होत्या. गरिबाच्या ताटातलं पोषण कुठून येतं, हा तो प्रश्न. मला वाटतं, संताप होताच, पण रोज सकाळी त्यांना प्रयोगशाळेत ओढून नेत होती ती डाळ. वर्ष सरलं, रामन यांचं समाधान झालं, आणि पुढे तिथं मुलींना दार उघडलं.

पुढे संशोधनासाठी केंब्रिजला गेल्या तेव्हा तिथल्या डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपलं टेबल देऊ केलं. दिवसा कमलाबाईंनी वापरायचं, रात्री त्यांनी. मला या टेबलाचं फार अप्रूप आहे. स्वतःची जागा नाही, अर्ध्या दिवसाची उसनी जागा, आणि तेवढ्यावर काम सुरू! नंतर रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी वनस्पतींच्या पेशींवर संशोधन केलं. आपण विळीवर बटाटा चिरतो, पाण्यात टाकायला विसरलो की तो काळा पडतो, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. त्याच बटाट्यावर काम करताना पेशींच्या श्वसनाला लागणारं ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींमध्येही असतं, हे त्यांना आढळलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली; विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात.

यापुढे सगळं सुरळीत झालं असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संचालकपद त्यांच्या हक्काचं असूनही चार वर्षं त्यांना ताटकळत ठेवलं गेलं. पद मिळालं ते त्यानंतर. नीरेवरचं त्यांचं काम याच संस्थेतलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा किती उपयोग होतो, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळालं.

निवृत्तीनंतर तर कुणाच्या होकाराची गरजच उरली नव्हती. त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत गेल्या, तिच्या अध्यक्षही झाल्या, आणि ‘कीमत’ या तिच्या मासिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेबद्दल लिहीत राहिल्या.