जुनीचे किती धराल?

बॅटरीच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हा प्रश्न ठरलेला. दुकानदार जुनी बॅटरी काट्यावर ठेवतो, किलोच्या भावानं हिशेब करतो आणि नवीच्या किमतीतून तेवढे वजा करतो. शिशाची खरेदी आणि पुरवठा पाहण्यात माझी नोकरी गेली. कंपन्या चक्राकार पुरवठा साखळीकडे का वळतात, असं कुणी विचारलं की मी आधी हा काटा दाखवतो. तिथे कुणाला पर्यावरणाचं महत्त्व पटवून द्यावं लागलेलं नाही.

शिसं धातूच तसा आहे. 327 अंशांना वितळतं, कितीही वेळा गाळा, गुण उतरत नाही. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक तेच असतं आणि खाणीतून काढण्यापेक्षा भंगारातून काढायला ऊर्जा कमी लागते. लंडन मेटल एक्स्चेंजवर भाव हलला की आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्याचाही हलतो.

पण साखळी गोल झाली म्हणून ती स्वच्छ होत नाही. नोंदणीकृत कारखान्यात बॅटरी यंत्रात फुटते, ॲसिडवर प्रक्रिया होते, प्लॅस्टिकचे तुकडे पाण्यावर तरंगून वेगळे होतात, भट्टीचा धूर गाळूनच बाहेर सोडतात, कामगारांच्या रक्तातलं शिसं तपासलं जातं. या सगळ्याला पैसा लागतो. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीच बॅटरी कुऱ्हाडीनं फोडतात, ॲसिड ओढ्यात सोडतात आणि प्लेटा उघड्यावर वितळवतात. तिथे खर्चच नसतो, त्यामुळे शेडवाला भंगाराला किलोमागे चढा भाव देतो, रोखीनं, बिलाशिवाय. माल त्याच्याकडे जाणारच. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि अशा शेड हे त्याचं एक मोठं कारण आहे. शेडच्या अंगणात खेळणारी पोरं मी पाहिली आहेत. तेव्हापासून स्वस्त शिशाचा मला आनंद होत नाही.

कायदा लागतो तो इथे. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम 2001 मध्येच आले. ऑगस्ट 2022 च्या नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली, तिला प्रमाणपत्रांची आणि भरपाईची जोड दिली. आता कंपन्यांमध्ये हा विषय वरच्या मजल्यावर पोचला, हे खरं. मात्र नुसत्या कागदावर माझा भरवसा नाही. प्लॅस्टिकच्या बाबतीत अशीच प्रमाणपत्रं निघाली, आणि 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत त्यातली सुमारे 6 लाख बनावट सापडली.

माझ्या अनुभवात खरेदी खात्याला खरं हलवतं ते मोठं गिऱ्हाईक. एका वाहन कंपनीची माणसं तपासणीला आली आणि आमच्या पुरवठादाराकडे त्यांनी इंधनाची बिलं मागितली. जितकं शिसं गाळल्याचं दाखवलं होतं, तितकं त्या इंधनात वितळूच शकत नव्हतं. शेडमधल्या लाद्या विकत घेऊन तो स्वतःच्या शिक्क्यानं आम्हाला देत होता. त्याचा दर सगळ्यांत कमी होता, तरी त्याच तिमाहीत त्याची ऑर्डर बंद झाली. ऑर्डर जाण्याची भीती दंडाच्या भीतीपेक्षा लवकर काम करते.

आता रस्त्यावर लिथियम बॅटऱ्या वाढत आहेत आणि मला काळजी त्यांची आहे. अनेक ई-रिक्षा आणि स्कूटरमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात. त्यांत कोबाल्ट नाही, निकेल नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांना फारशी किंमत नाही. शिशाची साखळी पैशानं गोल केली, इथे पैसा ते काम करणार नाही. नवी बॅटरी विकतानाच अनामत रक्कम घ्यावी आणि जुनी परत आणून दिल्यावर ती हातात द्यावी, अशी माझी मागणी आहे. आज विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्या निकामी होऊन परत येऊ लागण्याआधी हे व्हायला हवं.