तीन रंग आणि एक नाव

नंदुरबारच्या बाजारपेठेत आमची कापडाची पेढी तीन पिढ्यांपासून आहे. साडी-धोतरांच्या ठाणांपासून वेगळ्या, काचेच्या एका कपाटात आजोबांच्या काळापासून ‘बॉम्बे डाईंग’च्या चादरी ठेवलेल्या असत. त्यांचा खप रोजचा नव्हता. मुलीची पाठवणी असली, नव्या जावयाची पहिली दिवाळी असली किंवा मुंबईचे पाहुणे मुक्कामाला येणार असले, म्हणजे गिऱ्हाईक हळूच विचारी, “ती कंपनीची चादर आहे ना?” कंपनी कोणती, हे सांगावे लागत नसे. आमच्या भागात घरातील कापडाची श्रीमंती या एका नावाने ओळखली जाई.

गेल्या वर्षी चिरंजीवांनी घरात एक प्रस्ताव मांडला. किरकोळ विक्री आटोपती घ्यावी, मागच्या गोदामाची जागा विकावी आणि त्या भांडवलातून स्वतःच्या नावाच्या उंची चादरी, पडदे आणि सोफ्याचे कापड बाजारात आणावे. माग आपले नसतील, प्रोसेस हाउसही आपले नसेल. नवापूर आणि सुरतेकडे माल जॉबवर्कवर करून घ्यायचा आणि त्यावर आपले लेबल लावायचे. माझे वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, “ज्याच्या घरी माग नाही, त्याने कापडाला नाव कसे द्यावे?” चिरंजीव निरुत्तर झाले नाहीत, परंतु वडीलधाऱ्यांपुढे बोलायचे नाही, म्हणून गप्प बसले. निर्णय माझ्यावर येऊन पडला. तेव्हा त्या काचेच्या कपाटातील कंपनीचा इतिहास मी प्रथमच मन लावून वाचला.

वाडिया कुटुंब मूळचे आपल्या शेजारच्या सुरतेचे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया जहाजे बांधण्यासाठी सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांनी बांधलेले, १८१७ सालचे ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे. याच घराण्यातील नवरोजी वाडिया यांनी १८७९ मध्ये मुंबईत लाल विटांच्या एका साध्या शेडमध्ये काम सुरू केले. काम कोणते? इथे कातलेले सूत हाताने रंगात बुडवायचे आणि उन्हात वाळवायचे. रंग तीनच: तुर्की लाल, हिरवा आणि नारिंगी.

वडिलांना मी हा मजकूर दोनदा वाचून दाखविला. ज्या कंपनीच्या मालाचा त्यांना एवढा भरवसा, तिच्याकडे आरंभी माग नव्हता. नावात ‘डाईंग’ आहे ते उगीच नव्हे. तिचा स्वतःचा होता तो फक्त रंग. तुर्की लाल हा त्या काळचा मानाचा रंग. तेल आणि तुरटीच्या अनेक पुटांनंतर तो सुतावर बसे, आणि एकदा बसला की धुण्याने जात नसे. ग्लासगोजवळच्या कारखान्यांतून असे लाल सूत आणि कापड जहाजे भरभरून हिंदुस्थानात येई. त्याच सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केल्यामुळे हा रंग स्वस्त झाला होता. जो माल बोटीने येतो तो इथेच का होऊ नये, हा सरळ व्यापारी हिशेब नवरोजींनी केला असावा.

पुढे स्प्रिंग मिल आणि टेक्स्टाइल मिल उभ्या राहिल्या. कातणे, विणणे, रंगविणे, छापणे सारे एका छताखाली आले. आमच्या कपाटातील चादरी त्या काळातल्या. आजोबा त्या गिऱ्हाइकासमोर उलगडून एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत, ते भिंगाखाली मोजून दाखवीत. आज हाच आकडा पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापतात, आणि कित्येकदा दुहेरी पिळाचा एक धागा दोन म्हणून मोजतात. भिंग बाळगणारा दुकानदार आता शोधावा लागेल. ऐंशीच्या दशकात करण कपूर यांच्या जाहिराती आल्या आणि कपाटाकडे तरुण मंडळीही वळू लागली; आजोबांना त्या जाहिराती मुळीच आवडल्या नव्हत्या, माल मात्र त्यांनी दुप्पट मागविला.

या इतिहासातील एका प्रसंगाने आमचे घर थोडे स्तब्ध झाले. १९७१ साली कंपनीचे अध्यक्ष नेव्हिल वाडिया यांनी ती आर. पी. गोएंका यांना विकून परदेशी स्थायिक होण्याचे ठरविले होते. चिरंजीव नस्ली तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. त्यांनी वडिलांशी भांडण मांडले नाही. आई, बहीण आणि मित्र यांच्या साहाय्याने, जे. आर. डी. टाटांच्या मार्गदर्शनाखाली, सुमारे ११ टक्के समभाग एकत्र केले. कामगार-कर्मचारीही आपली बचत घेऊन पुढे आले. मग ते वडिलांकडे गेले, आणि विक्री थांबली. १९७७ मध्ये तेच अध्यक्ष झाले. हे वाचून झाल्यावर वडिलांनी नातवाकडे पाहिले आणि विचारले, “तुझ्या पाठीशी कोण कोण आहे?” चिरंजीवांनी प्रथम आईचे नाव घेतले. मला ते ठाऊक नव्हते.

पुढचा भाग मला तितक्या आनंदाने वाचता आला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा संसार त्यात होरपळला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाचा मार्ग मोकळा झाला. दादरला स्प्रिंग मिलच्या जागी उत्तुंग निवासी मनोरे आले. २०२३ मध्ये कंपनीने वरळीची सुमारे २२ एकर जागा एका जपानी उद्योगसमूहाच्या कंपनीला ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचा करार जाहीर केला. चादरी आणि टॉवेल आता मुख्यत्वे बाहेरून करून घेतले जातात. जिथे आयुष्यभर साचा चालवला, तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत कामगाराला पाऊलही टाकता येत नाही, याला नुसते ‘काळाचे परिवर्तन’ म्हणणे मला पटत नाही. वडिलांनी तर व्यवहाराचेच विचारले: “त्यांनी जमीन विकली ती कापडातून बाहेर पडताना. तुम्ही विकणार ती कापडात शिरताना. या दोन गोष्टी एक कशा?”

आणखी एक विषय निघाला. उंची गृहसजावट म्हटली की रेशमी पडदे आणि पिसांच्या उशा आल्याच. रेशमासाठी कोश उकळतात. आमच्या पेढीने आजवर रेशीम ठेवले नाही. चिरंजीव म्हणाले, आपल्या यादीतही नसेल; सुती साटीन आणि जॅकार्डमध्ये जेवढी झळाळी येईल तेवढीच. मोठ्या शहरांतील गिऱ्हाईक त्यामुळे कमी होईल, हे त्यांनी स्वतःच कागदावर मांडून ठेवले होते. मला त्यांच्या धंद्याच्या योजनेपेक्षा हा कागद अधिक आवडला.

गोदाम विकायचे नाही, असे ठरले. पेढीही सुरू राहील. पहिल्या पाचशे चादरींचे भांडवल माझ्या बचतीतून द्यायचे. मात्र प्रत्येक रंगाचा नमुना आधी घरी दहा वेळा धुऊन, गच्चीवरच्या चैत्रातल्या उन्हात वाळवून पाहायचा. ती देखरेख सौभाग्यवतींनी घेतली आहे. वडील रोज सकाळी काठी टेकत वर जातात आणि आजोबांच्या भिंगातून पाहतात. हिरवा आणि नारिंगी टिकला. लाल तिसऱ्या धुण्यातच पांढऱ्या काठावर उतरला, म्हणून तो ठाण सोमवारी परत पाठविला आहे.